एलिझेची सुरावट

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एखादा ट्रक मागे येताना एक सुरावट वाजते. ती ऐकताच हमाल बाजूस होतो आणि जीव वाचतो. ती बीथोवनने १८१० साली पियानोसाठी रचली, हे शाळा अर्धवट सुटलेल्या मला फार उशिरा कळले. तेव्हा त्याला बहिरेपण येत चालले होते. त्याच्या हयातीत ती छापली गेलीच नाही. मृत्यूनंतर ४० वर्षांनी, १८६७ साली, लुडविग नोल याने ती प्रसिद्ध केली. ही एलिझे कोण, हा पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाही. शेजारच्या दोन स्वरांचा हेलकावा आणि गाण्याच्या धृपदासारखे तिचे फिरून येणे, यांमुळे ती कानात बसते. तैवानात कचऱ्याच्या गाड्याही तीच वाजवीत दारी येतात. एका स्त्रीला आठवण म्हणून दिलेली ही रचना आज कष्टकऱ्यांच्या सोबतीला आहे. तिचे मोठेपण मी यातच मानतो.