कोलनवॉटर नक्की कोणाचं?

ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या! आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आजीच्या कपाटात वरच्या खणात ती बाटली असायची. कोणी तिला कोलनवॉटर म्हणे, कोणी ओडिकोलन. नोकरीनिमित्त जर्मनीत आल्यावर कळतं की यातलं कोलन म्हणजे ऱ्हाइन नदीकाठचं कोलोन शहर. पण हे सुगंधी पाणी पहिल्यांदा कोणी बनवलं असं विचारलं, तर उत्तर चटकन सुचत नाही. वस्तू जगभर पोचली, शहराचं नाव जगभर पोचलं, आणि बनवणाऱ्याचं नाव मात्र मागे राहिलं. असं का झालं त्याचीच ही गोष्ट. ती सांगायचं कारणही आहे. आपल्या मंडळातही कोणी मसाल्यांचा व्यवसाय सुरू करतंय, कोणी घरगुती डबे देतंय, कोणी सॉफ्टवेअर कंपनी काढतंय. नाव ठरतं, लोगो होतो, वेबसाईट होते, आणि नावाची नोंदणी मात्र "बघू पुढे" या सदरात जाते!

तर मंडळी, मूळ पुरुषाचं नाव जिओव्हान्नी मारिया फारिना. जन्म १६८५, उत्तर इटलीतल्या सांता मारिया माज्जोरे गावचा. त्याच्या भावाने १७०९ साली कोलोनमध्ये दुकान थाटलं. रेशीम, लेस आणि असाच उंची किरकोळ माल तिथे मिळे. पुढे जिओव्हान्नीही त्यात आला आणि जर्मन पद्धतीने योहान मारिया झाला. त्याचं नाक मोठं तयार होतं. त्या काळातली अत्तरं जड आणि उग्र असत. याने लिंबूवर्गीय फळांच्या तेलांपासून हलका, ताजा सुगंध तयार केला आणि ज्या शहराने आसरा दिला त्याचंच नाव त्याला दिलं. ओ द कोलोन, म्हणजे कोलोनचं पाणी. कृतज्ञता म्हणून फारच छान! पण धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर इथेच पहिली मेख होती. शहराचं नाव सगळ्या शहराचं असतं. उद्या शेजाऱ्याने कोलोनमध्येच पाणी बनवून त्याला "कोलोनचं पाणी" म्हटलं, तर त्याला खोटं कसं म्हणणार?

आणि शेजाऱ्यांनी तेच केलं. युरोपातल्या राजदरबारांत या पाण्याला मागणी वाढली, तशी कोलोनमध्ये नकलांची रीघ लागली. फारिना आपल्या बाटलीवर सही करी, लाल लाखेची मोहोर लावी. पण सही काय, मोहोर काय, कायद्याचं पाठबळ नसेल तर तेही नकलता येतंच. तेव्हा व्यापारचिन्हांची नोंदवही हा प्रकारच तिथे नव्हता. १७६६ साली फारिना वारला तेव्हा त्याचा माल प्रसिद्ध होता, पण मालाचं नाव सगळ्यांचं होऊ लागलं होतं.

पुढे तर खुद्द आडनावच विक्रीला निघालं. १८०३ साली कोलोनचा व्यापारी विल्हेल्म म्युल्हेन्स याने बॉनच्या एका कार्लो फ्रान्चेस्को फारिनाकडून नाव वापरायचा हक्क विकत घेतला. या गृहस्थाचा अत्तरवाल्या फारिनांशी काही संबंध नव्हता, फक्त आडनाव एक! म्युल्हेन्सने नुसतं स्वतः ते नाव वापरलं नाही, तर तो हक्क पुढे आणखी अनेकांना विकला. इतर व्यापारीही फारिना आडनावाचा कोणीतरी माणूस गाठायचे, त्याला कागदोपत्री भागीदार दाखवायचे आणि बाटलीवर बिनदिक्कत फारिना छापायचे. मूळ घराण्याला आपल्या नावापुढे "युलिश्स चौकासमोरचे" असा पत्ता जोडून आपलं वेगळेपण सांगावं लागलं. आपल्याकडे दुकानावर "आमची कुठेही शाखा नाही" अशी पाटी लावतात ना, अगदी तसंच.

कोर्टकचेऱ्या पिढ्यान् पिढ्या चालल्या. अखेर १८८१ साली विल्हेल्मचा नातू फर्डिनांड म्युल्हेन्स याला फारिना नाव सोडावं लागलं. मग नवीन नाव कोणतं घ्यायचं? १७९४ साली फ्रेंच सैन्य कोलोनमध्ये आलं त्या सुमाराला शहरातल्या घरांना सलग क्रमांक दिले होते. ग्लोकेनगासे या गल्लीतल्या म्युल्हेन्सांच्या घराचा क्रमांक होता ४७११. फर्डिनांडने तोच आकडा नाव म्हणून पुढे आणला. गंमत बघा. दुसऱ्याचं नाव सोडावं लागलं म्हणून जे घेतलं, तेच जास्त गाजलं! कारण ४७११ हा आकडा मालाचं वर्णन करत नाही, शहराचं नाव सांगत नाही, कोणाचं आडनावही नाही. तो फक्त त्या एका बाटलीकडे बोट दाखवतो. व्यापारचिन्हाचं काम तेवढंच असतं.

मधल्या काळात जर्मनीत कायदाही आला होता. व्यापारचिन्हांचा पहिला देशव्यापी कायदा नोव्हेंबर १८७४ चा, आणि तो १ मे १८७५ पासून लागू झाला. माइसेनच्या चिनी मातीच्या भांड्यांवरच्या दोन निळ्या तलवारींची नोंद त्याच वर्षी झाली. पण या कायद्यात नुसता शब्द किंवा नुसता आकडा नोंदवता येत नसे, चित्र लागायचं. शब्दांना दार उघडलं ते १८९४ च्या कायद्याने. मग बर्लिनच्या पेटंट कार्यालयात एकच मध्यवर्ती नोंदवही सुरू झाली, आणि १६ ऑक्टोबर १८९४ रोजी तिच्यात पहिलं नाव चढलं ते "पेर्केओ" नावाच्या दिव्यांचं.

या नव्या सोयीचा फायदा कसा घ्यावा हे बायर कंपनीने दाखवलं. १८९७ साली त्यांच्या फेलिक्स हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने एक वेदनाशामक शुद्ध स्वरूपात तयार केलं. पण तो पदार्थ आधीच्या शास्त्रज्ञांनीही बनवलेला असल्यामुळे जर्मनीत त्याचं पेटंट मिळेना. म्हणजे रसायन कोणीही बनवू शकणार! मग हातात उरलं काय? नाव. ६ मार्च १८९९ रोजी बायरने "अ‍ॅस्पिरिन" हा शब्द नोंदवला. त्या रसायनाचं खरं नाव लांबलचक, डॉक्टरांनाही जड जाणारं. अ‍ॅस्पिरिन मात्र सुटसुटीत आणि पूर्णपणे बनवलेला शब्द. इतर कंपन्यांनी तीच गोळी विकली तरी त्यांना दुसरं नाव शोधणं भाग होतं.

पण नोंदणी केली म्हणजे कायमचं निवांत, असंही नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने बायरची तिथली मालमत्ता शत्रूची म्हणून जप्त केली आणि १९१८ च्या डिसेंबरात ५३ लाख डॉलरला लिलावात विकली, नावासकट. १९२१ साली न्यूयॉर्कच्या न्यायाधीश लर्नेड हँड यांनी निकाल दिला की सामान्य गिऱ्हाइकाच्या लेखी अ‍ॅस्पिरिन म्हणजे एका कंपनीची नव्हे, त्या प्रकारची कुठलीही गोळी. झालं! अमेरिकेत तो शब्द सगळ्यांचा झाला. जर्मनीत मात्र अ‍ॅस्पिरिन आजही बायरचंच नोंदलेलं नाव आहे. उत्तर अमेरिकेत स्वतःचं "बायर" हे नाव पूर्णपणे परत मिळवायला कंपनीला १९९४ पर्यंत थांबावं लागलं, आणि त्या व्यवहारात सुमारे एक अब्ज डॉलर मोजावे लागले. यातला धडा असा की नावाचा हक्क देशागणिक वेगळा असतो. एका देशात राखला म्हणजे दुसऱ्या देशात राखला असं होत नाही.

हा धडा आपल्या फार कामाचा आहे. पुण्यात किंवा नाशकात घराण्याचं नाव तीन पिढ्यांचं असेल, भारतात त्याची रीतसर नोंदही असेल, पण तेवढ्यावर जर्मनीत काही होत नाही. भारतात आधीपासून नाव वापरणाऱ्याला कायदा बरंच झुकतं माप देतो. इथे मुख्य भर नोंदणीवर. धंद्याच्या नावाला नुसत्या वापरातूनही काही संरक्षण मिळतं, पण ते सिद्ध करत बसावं लागतं. आपल्या मंडळींचा आणखी एक गैरसमज म्हणजे "गेवेर्बे नोंदवलं, डॉट डीई डोमेन घेतलं, म्हणजे नाव आपलं." आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ही तीन वेगवेगळी टेबलं आहेत, आणि एकात नोंद केली म्हणून दुसऱ्यात आपोआप होत नाही!

प्रत्यक्षात काम फार अवघड नाही. म्युनिकच्या जर्मन पेटंट आणि व्यापारचिन्ह कार्यालयात ऑनलाईन अर्ज करता येतो. २०२५ मध्ये तीन वर्गांपर्यंतची फी २९० युरो होती. नोंद दहा वर्षं टिकते आणि पुढे दर दहा वर्षांनी वाढवता येते. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. तसंच नाव आधी कोणी घेतलंय का, हे कार्यालय तपासत नाही! तो शोध आपणच घ्यायचा. नाहीतर नोंद प्रसिद्ध झाल्यावर तीन महिन्यांच्या आत जुना मालक हरकत घेऊ शकतो. आणि "शुद्ध तूप" किंवा "गरम मसाला" अशी नुसती वर्णनाची नावं नोंदवून मिळत नाहीत. फारिनाची अडचण आठवा. अर्ज एका देशात केला की सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या देशांतही त्याच तारखेचा मान मिळतो. २०१३ पासून भारत माद्रिद करारात आहे, त्यामुळे तिथल्या नोंदीच्या आधारे इथे अर्ज करायचीही सोय आहे. हे सगळं पाटी रंगवायच्या आधी केलेलं बरं, कारण नंतर नाव बदलायचं म्हणजे पाटी, पाकिटं आणि गिऱ्हाइकांची सवय, सगळंच बदलावं लागतं.

आता कोलोनहून थेट कोल्हापूरला येऊ, कारण गावाच्या नावाचा प्रश्न तिथेही आहे. गावाचं नाव एकट्याचं होत नाही, पण गावातल्या सगळ्या कारागिरांचं मिळून राखता येतं. "कोल्हापुरी चप्पल" या नावाला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि गहजब झाला. पण कंपनीने कोल्हापुरी हे नाव वापरलंच नव्हतं, आणि नोंद होती ती नावाची! मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिका फेटाळली, कारण दाद मागायला नोंदवहीत ज्यांची नावं आहेत त्यांनी यायला हवं होतं. इकडे जर्मनीत "क्योल्निश वासर" हे नावही आज कोलोनमध्ये बनलेल्या पाण्यालाच लावता येतं. पण "ओ द कोलोन" हा शब्द निसटला तो निसटलाच. जगभर तो आता एका प्रकारच्या सौम्य सुगंधाचं नाव झालाय.

फारिनांचं दुकान मात्र अजून चालू आहे आणि घराण्यातच आहे. त्यांच्या जुन्या वास्तूत सुगंधाचं संग्रहालयही आहे. कोलोनला गेलात तर मुलांना घेऊन जरूर बघा, आणि तिथून पायीच ४७११ च्या घरापर्यंतही जा. फारिनाच्या हातात नव्हतं, कारण त्याच्या काळी नोंदवहीच नव्हती. आपल्या काळी ती आहे. लक्ष्मीपूजनाला आपण नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढतो, त्या वहीच्या पहिल्या पानावर दुकानाचं नाव घालतो. यंदा ज्यांच्या घरी नवा व्यवसाय सुरू होतोय, त्यांनी तेच नाव म्युनिकच्या वहीतही घालून टाकावं.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!