दख्खनच्या नद्यांतले परके मासे आणि गळ टाकणारी माणसं

येवल्यात माशांवर व्याख्यान ठेवायचं म्हणजे जरा धाडसच. पैठणीवर बोला, तात्या टोप्यांवर बोला, १३ ऑक्टोबर १९३५ च्या बाबासाहेबांच्या घोषणेवर बोला, असं सुचवणारे पुष्कळ भेटले. ज्या तालुक्याच्या उत्तर-पूर्व भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथे मासे कुठून आणणार, असंही कुणी म्हणालं. पण येवल्याला पाणी येतं ते पालखेडच्या डाव्या कालव्याने, आवर्तनाने. आणि धरणातून पाणी सुटलं की पाण्याबरोबर धरणातला मासाही येतो. तो मासा तिथे कुठून आला, हा आजचा विषय.

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं की युरोपात त्या क्रेफिशने म्हणे नद्या खाल्ल्या, तसं आपल्याकडे काही आहे का? क्रेफिश म्हणजे दिसायला मोठ्या झिंग्यासारखा, पण पुढे खेकड्यासारख्या दोन जाड नांग्या. भारतात तो मूळचा नाहीच. आपल्या ओढ्यात खेकडे आहेत, झिंगे आहेत, क्रेफिश नाहीत. पण त्या गोष्टीत एक गंमत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८६० च्या आसपास युरोपातल्या देशी क्रेफिशमध्ये एक रोग शिरला, अमेरिकेतून आलेला. नदीमागून नदी रिकामी झाली. स्वीडनमध्ये तर क्रेफिश खाणं हा सणासारखा प्रकार, तेव्हा त्यांनी १९६० मध्ये उपाय काढला: कॅलिफोर्नियातून त्या रोगाला दाद न देणारा सिग्नल क्रेफिश आणायचा. पुढे सत्तरच्या दशकात तो ब्रिटनमध्येही आला, शेतीसाठी. आता हा पाहुणा स्वतः रोगाने मरत नाही, पण रोग अंगावर घेऊन फिरतो. म्हणजे जे वाचले होते त्यांनाही त्याने संपवलं. वर नदीकाठ पोखरतो, माशांची अंडी खातो, आणि गळ टाकून बसलेल्याचं आमिष मासा येण्याआधीच ओरबाडून नेतो. थेम्सकाठचे गळवाले त्याच्या नावाने बोटं मोडतात. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच, की तो चोरून शिरला नव्हता. त्याला बोलावलं होतं, आणि चांगल्या हेतूने बोलावलं होतं.

आता आपल्या नद्यांकडे येऊ. आधी इथे काय होतं ते बघायला हवं, आणि त्यासाठी एका इंग्रज लष्करी माणसाचे आभार मानावे लागतात. विल्यम हेन्री साइक्स. पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. पिकं, लोकसंख्या, पक्षी, असं सगळं टिपत हा माणूस फिरला, आणि लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवलेली त्याची दख्खनच्या माशांची यादी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. आम्हाला या यादीत सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की साइक्सने बऱ्याच माशांना लॅटिन नावं शोधत न बसता इथल्या माणसांच्या तोंडची नावंच देऊन टाकली. शिंगटी, घोगरा, कोळस, मुरे, खुदरी. 'रोहटी' तर त्याने आख्ख्या प्रजातिगटाचं नाव करून टाकलं. म्हणजे आजही जपानमधल्या एखाद्या संशोधकाला आपल्या शिंगटीबद्दल लिहायचं असेल तर त्याला 'मिस्टस सींगटी' असंच लिहावं लागतं. भीमेच्या, मुळा-मुठेच्या काठावरच्या कुणा भोयाने किंवा कोळ्याने जाळं झटकत सांगितलेला शब्द शास्त्रात जाऊन बसला. त्या सांगणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. ते असो.

त्यातली खुदरी म्हणजे आपला महाशीर, काही भागात खडस म्हणतात तो. साइक्सने त्याचं वर्णन पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या माशावरून केलं. वाहतं, थंड, खडकाळ पाणी लागणारा, ताकदीचा मासा. गळाला लागला तर दोरीसकट माणसाला पाण्यात ओढेल अशी ख्याती. रायगड जिल्ह्यात काळ नदीवर वाळणकोंडीत आजही लोक देवीचे मासे म्हणून त्याला लाह्या-चुरमुरे घालतात, पकडत नाहीत. नाशिक जिल्ह्याचाही या शास्त्रात वाटा आहे: देवळालीजवळच्या दारणेच्या पाण्यातून १९३५ मध्ये मुखर्जी यांनी एका छोट्या माशाची नवी जात नोंदवली, रास्बोरा लॅबिओसा. बोटभर मासा. बाजारात त्याला कुणी विचारणार नाही, पण शास्त्रात त्याचा पत्ता नाशिकचा आहे.

मग नेमकं काय झालं? आधी नद्या बदलल्या, मासे नंतर. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण बोलताना लोक तो उलटा करतात. दारणा धरण १९१६ चं. पुढे गंगापूर, पालखेड, आणि १९७६ मध्ये खाली पैठणला जायकवाडी. वाहणारी नदी ठिकठिकाणी थांबली आणि तिचा तलाव झाला. पावसाळ्यात पाण्याच्या उलट दिशेने चढून अंडी घालणाऱ्या माशाची वाट भिंतीने अडवली. एवढं सगळं साचलेलं, उथळ, ऊन लागणारं पाणी सरकारच्या हातात आलं आणि साहजिकच प्रश्न उभा राहिला: यातून लोकांच्या पोटाला काय देता येईल?

तो काळ अन्नटंचाईचा होता, हे विसरून त्या अधिकाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. आम्ही ठेवणार नाही. कॉमन कार्प तर आधीच, १९३९ मध्ये, श्रीलंकेतून निलगिरीत आला होता. उष्ण पाण्यात टिकणारी त्याची दुसरी जात १९५७ मध्ये बँकॉकहून कटकला आली. त्याला आपल्या बाजारात आजही 'सायप्रिनस' म्हणतात. मासेवाल्या मावशींच्या तोंडी असलेला हा अस्सल लॅटिन शब्द! त्याच वर्षी, १० जुलै १९५७ रोजी, ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाला पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन तळ्यात अंडी घालायला लावली. तोवर रोहू-कटल्याचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे, बंगालमधून रेल्वेने मागवावं लागे. आता मत्स्यबीज केंद्रात हवं तेवढं तयार होऊ लागलं. १९५९ मध्ये सिल्व्हर कार्प आणि ग्रास कार्प आले. आपल्या मत्स्यविभागाने त्यांचं बारसं छान केलं: चंदेरा आणि गवत्या. रोहू, कटला, मृगळ हे तर देशातलेच, पण मुळात गंगेच्या मैदानातले; दख्खनच्या वरच्या भागात त्यांनाही माणसानेच आणलं. दरवर्षी तलावात बोटुकली सोडायची आणि मच्छीमार सहकारी संस्थेने ठेका घेऊन ती काढायची, ही रीत पडली. धरणात ज्यांची शेती गेली, नदी गेली, अशा कितीतरी घरांची चूल या बोटुकलीवर पेटली. हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही.

चिलापीची गोष्ट मात्र जरा निराळी आहे. तिलापिया मूळचा आफ्रिकेचा. भारतात आला १९५२ मध्ये. स्वस्तात प्रथिनं देणारा, काहीही खाणारा, कुठल्याही पाण्यात जगणारा म्हणून त्याचं फार कौतुक झालं. सात वर्षं गेली नाहीत तोच, १९५९ मध्ये, तो सोडण्यावर बंदी आली. का? तर मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लं पोहायला शिकेपर्यंत तोंडात जपते. वर्षातून अनेक वेळा विणते. इतर माशांची अंडी हजारोंनी वाया जातात, हिची वाया जात नाहीत. तळं भरून जातं, मग खाणं पुरत नाही, आणि सगळे मासे तळहाताएवढेच राहतात. आता बंदी कागदावर असते आणि मासा पाण्यात. कागद पाण्यात टिकत नाही. चिलापी टिकली.

आज भिगवणला जा. उजनीच्या काठावर चिलापीचं ताट मिळतं आणि लोक पुण्याहून गाडी काढून ते खायला येतात. तिथल्या मच्छीमाराला 'हा मासा परका आहे हो' असं सांगायला आम्ही तरी जाणार नाही. त्याचं जाळं तिच्यावर चालतं. पण त्याच जाळ्यात पूर्वी काय काय यायचं हे त्याच्या वडिलांना विचारलं तर मरळ, वाम, शिंगटी, घोगरा अशी दहा-पंधरा नावं सहज निघतात. मुलाला त्यातली चार माहीत असतात, आणि नातवाला बहुधा चिलापी, रोहू, कटला.

गळ टाकणाऱ्याला हा बदल जाळेवाल्याच्या आधी कळतो, असं आमचं मत आहे. जाळेवाला वजन मोजतो. वजन भरलं की दिवस गेला. गळवाला एकेक मासा मोजतो. गांडूळ लावून वामीसाठी बसलेल्याला तासाभरात आठ चिलाप्या लागतात आणि वाम लागत नाही. कणकेचा गोळा लावला तरी चिलापीच. आमिष बदला, जागा बदला, वेळ बदला. शेवटी माणूस गळ गुंडाळून ठेवतो, किंवा चिलापीलाच मासेमारी म्हणायला शिकतो.

थाई मांगूर म्हणतात त्या आफ्रिकन मांगुराबद्दल फार बोलत नाही, वर्तमानपत्रांत पुष्कळ येऊन गेलंय. तो नव्वदच्या दशकात बांगलादेशमार्गे चोरून आला. मांसाहारी, हवेतून श्वास घेणारा, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाणारा. २००० मध्ये केंद्राने बंदी घातली, २०१९ मध्ये हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितलं, आपल्या राज्यातही शेततळ्यांवर कारवाया झाल्या. त्याच्या जोडीला हल्ली भीमेच्या खोऱ्यात सकर मासा सापडतो. घरातली काचपेटी साफ ठेवायला आणलेला, मोठा झाला की कुणीतरी नदीत 'मोकळा' केलेला. त्याच्या अंगावरच्या कवचाने जाळी फाटतात आणि त्याला बाजारात कुणी घेत नाही.

आता जरा लांब, कावेरीवर जाऊ. कारण तिथे आपणच परके आहोत.

कावेरीतला कुबडवाला महाशीर जगभरच्या गळवाल्यांचं स्वप्न होतं. २२ मार्च १९४६ रोजी व्हॅन इंगेन यांनी काबिनी नदीत १२० पौंडांचा मासा गळाने पकडला, तो विक्रम आजही सांगितला जातो. पुढे सुरुंगाने होणारी मासेमारी, धरणं, यांनी तो कमी झाला. इकडे आपल्या लोणावळ्याला, टाटांच्या वळवण तलावाशी, सत्तरच्या दशकात सी. व्ही. कुलकर्णी, एस. एन. ओगले अशा मंडळींनी फार मोठं काम केलं होतं: खुदरीची कृत्रिम पैदास. आपल्या नद्यांतून संपत चाललेला महाशीर उबवणी केंद्रात लाखोंनी तयार होऊ लागला. त्याची बोटुकली देशभर गेली. कावेरीवरच्या गळप्रेमींनीही मागवली, नदीत सोडली. महाशीर कमी झालाय ना, मग महाशीर सोडा. कुणालाही पटेल असा विचार.

फक्त तो महाशीर दुसरा होता. निळसर पंखांचा, आपला, मुळा-मुठेचा.

काय झालं ते कळलं ते गळवाल्यांच्याच वह्यांमुळे. कावेरीवर गळाच्या शौकिनांसाठी कॅम्प होते. मासा पकडायचा, वजन करायचं, नोंद करायची, सोडून द्यायचा. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या या नोंदी संशोधकांनी तपासल्या, २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निळ्या पंखांचा मासा वर्षागणिक वाढत होता, लहान-मोठे सगळे. कुबडवाला कमी होत होता, पण जो सापडे तो आधीच्यापेक्षा मोठा असे. वरवर बघणाऱ्याला वाटेल, वा, मासे मोठे होताहेत! अर्थ उलटा होता. म्हातारेच उरले होते, लहान मासे येतच नव्हते. २०१२ मध्ये अभयारण्यातल्या गळाच्या मासेमारीवर बंदी आली, कॅम्प बंद झाले आणि वह्याही बंद झाल्या. या कुबडवाल्याचं शास्त्रीय नाव २०१८ पर्यंत नक्की नव्हतं. तेव्हा ठरलं की तो टॉर रेमादेवी. आणि नाव मिळालं त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. आपली खुदरी मात्र त्याच यादीतून संकटग्रस्त हा शिक्का पुसून बाहेर आली.

लोणावळ्याच्या कामाला यामुळे कमीपणा येतो असं आम्हाला वाटत नाही. पण एका खोऱ्यातला देशी मासा दुसऱ्या खोऱ्यात परका असतो, हे तेव्हा कुणाच्या हिशेबात नव्हतं, आणि आजही 'देशी बीज सोडा' म्हणणारे पुष्कळ जण कुठल्या नदीचं देशी, हे विचारत नाहीत.

चिठ्ठीवर दोन प्रश्न आलेत, ते घेतो. पहिला: गळाला चिलापी लागली तर परत सोडायची का? नाही. ब्रिटनमध्ये पकडलेला सिग्नल क्रेफिश जिवंत परत सोडणं कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे चिलापीसाठी तसा कायदा सांगता येणार नाही, पण ती घरी नेऊन तळा, चांगली लागते. शिंगटी लागली आणि पोटात अंडी दिसली तर मात्र तिला पाण्यात जाऊ द्या.

दुसरा प्रश्न असा: कालव्याचं आवर्तन बंद झाल्यावर डबक्यात पोरं मासे धरतात, त्यात काय सापडतं हे लिहून ठेवलं तर उपयोग आहे का? फार आहे. तारीख, जागा, किती मासे, आणि घरातलं थोरलं माणूस त्याला काय नाव घेतं ते. नाव पुस्तकातलं नको, तोंडातलं हवं. साइक्सने तेवढंच केलं होतं.