जालीम हुमायूनचा हिशेब

आमच्या हिंगोलीकडे कुणी अरेरावी केली की म्हातारी माणसं अजून विचारतात, 'रझाकारी लागून गेली का?' पेपरात 'तुघलकी निर्णय' असतो, 'मोगलाई' तर महाराष्ट्रभर चालते. पण ज्याच्या नावाला 'जालीम' हे विशेषण कायमचं चिकटलं, तो बिदरचा सुलतान आमच्या बोलीत कुठेच नाही. त्याची सत्ता आमच्या मुलखावरही होती.

हुमायूनशाह बहामनी, राज्य १४५८ ते १४६१. दिल्लीचा मोगल हुमायून वेगळा, तो नंतरचा. हा तेलंगणाच्या मोहिमेवर असताना इकडे बिदरचा तुरुंग फोडून त्याचा भाऊ हसनखान सोडवला गेला. हसनखान बीडला पोचला आणि स्वतःला सुलतान म्हणवू लागला. शेवटी पकडून बिदरला आणला, तेव्हा हुमायूनने त्याला वाघापुढे टाकलं. बंडाशी संबंध असलेल्यांना, नसलेल्यांनाही, उकळत्या कढयांत लोटलं. रस्त्यातली लग्नाची वरात अडवून तो नवऱ्या मुली पळवायचा, असंही फरिश्ता लिहितो.

फरिश्ताने हे लिहिलं विजापुरात, जवळपास दीडशे वर्षांनी. हैदराबादचे इतिहासकार हारून खान शेरवानी यांनी या कीर्तीवरच शंका घेतली. त्यांचा मोठा आधार म्हणजे महमूद गवान. त्याच दरबारातला हा कर्तबगार वजीर पत्रांत सुलतानाबद्दल आदरानेच बोलतो. मला हा पुरावा लंगडा वाटतो. साहेब कसा आहे हे नोकरीत असलेल्या माणसाच्या ईमेलवरून कुणी ठरवेल का? पण वरातीची गोष्ट मीही बाजूला ठेवतो, कारण ती प्रत्येक बदनाम राजाच्या नावावर सापडते. भावाचं आणि बंडखोरांचं तसं नाही. त्यामागे कारण आहे, क्रम आहे, गादीची भीती आहे.

त्या काळाचाच म्हणावा असा एक पुरावा मात्र आहे, आणि तो मला आकड्यांमुळे आवडतो. हुमायून मेल्यावर नझीरी नावाच्या कवीने मृत्यूचं साल दोन शब्दांत बसवलं: 'जौक-ए-जहान', म्हणजे जगाचा आनंद. फारसी अक्षरांना ठरलेल्या किमती असतात. मी बेरीज करून पाहिली. जाल ७००, वाव ६, काफ १००, जीम ३, हे ५, अलिफ १, नून ५०. एकूण ८६५. हिजरी ८६५ म्हणजे १४६१, बरोबर जुळतं. राजा गेल्याचं साल सांगायला 'आनंद' शोधून काढणारा माणूस फरिश्ताच्या कितीतरी आधी होऊन गेला. शेरवानींना सगळ्यात अडचणीचा साक्षीदार हाच असावा.

बिदरजवळ अष्टूरला बहामनींच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. हुमायूनच्या कबरीचा अर्धा घुमट वीज पडून ढासळलाय. पापी राजाला आभाळानेही सोडलं नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. मी तिथे बराच वेळ भिंतीची जाडी आणि उघड्या पडलेल्या विटाच बघत बसलो होतो. घुमटाचा असा आडवा छेद एरवी फक्त ड्रॉइंगमध्ये दिसतो.

त्याचा आठ वर्षांचा मुलगा निजामशाह गादीवर आला आणि राणीने गवानच्या मदतीने राज्य सांभाळलं. त्यानंतर धाकटा मुलगा मुहम्मद सुलतान झाला. १४८१ मध्ये एका बनावट पत्रावर विश्वास ठेवून त्याने त्याच म्हाताऱ्या गवानचा शिरच्छेद करवला. त्याला मात्र कुणी जालीम म्हणत नाही.