डिसोझा, नेव्हिल

डिसोझा, नेव्हिल : (३ ऑगस्ट १९३२–१७ मार्च १९८०). विख्यात भारतीय फुटबॉलपटू. ऑलिंपिक फुटबॉल सामन्यात हॅट्‌ट्रिक (एकाच सामन्यात तीन गोल) करणारे पहिले आशियाई खेळाडू. त्यांचा जन्म गोव्यातील बार्देश तालुक्यात आसगाव येथे झाला. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अंमलाखाली होता व १९६१ पर्यंत तो तसाच राहिला. म्हणजे १९५६ साली ज्या देशाच्या वतीने ते ऑलिंपिकमध्ये खेळले, त्या देशात त्यांचे जन्मगाव अद्याप समाविष्ट झालेले नव्हते.

उपजीविकेसाठी मुंबईस येणाऱ्या गोमंतकीयांनी तेथील फुटबॉलला अनेक चांगले खेळाडू दिले. स्कॉटलंड व इंग्लंडमध्ये या काळात खेळाडू क्लबांचे पगारी व्यावसायिक असत. भारतात तसा व्यवसायच अस्तित्वात नव्हता. मोठ्या कंपन्यांनी खेळाडूला नोकरी द्यावी व त्याने कंपनीच्या संघातून खेळावे, अशी रीत होती. डिसोझा टाटा स्पोर्ट्‌स क्लब व कॅल्टेक्स या संघांकडून खेळले. आघाडीच्या फळीत मध्यभागी राहून गोल करणे, हे त्यांचे मुख्य काम.

मेलबर्न ऑलिंपिकमध्ये (१९५६) सय्यद अब्दुल रहीम हे भारतीय संघाचे मार्गदर्शक, तर समर बॅनर्जी कर्णधार होते. हंगेरीने माघार घेतल्याने पहिल्या फेरीत भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. डिसोझांनी नवव्या व तेहेतिसाव्या मिनिटास गोल केले. दोन्ही वेळा ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी डिसोझांनी तिसरा गोल केला व कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथ्याची भर घातली. भारताने सामना ४–२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला.

उपांत्य सामना यूगोस्लाव्हियाशी होता. याच देशाने चार वर्षांपूर्वी हेल्सिंकी येथे भारताचा १०–१ असा धुव्वा उडविला होता. मेलबर्नमध्ये मात्र मध्यंतरापर्यंत गोलफलक कोराच राहिला व उत्तरार्धाच्या आरंभी डिसोझांच्या गोलाने भारताने आघाडीही घेतली. ती फार वेळ टिकली नाही. भारत १–४ असा पराभूत झाला आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियानेही ०–३ असे नमविले.

एकंदर चार गोल करून डिसोझा यूगोस्लाव्हियाचे व्हेसेलिनोविच व बल्गेरियाचे मिलानोव्ह यांच्याबरोबर स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचे संयुक्त मानकरी ठरले. मेलबर्नमध्ये केवळ अकराच संघ उतरले होते, हे दाखवून भारताच्या चौथ्या क्रमांकाचे महत्त्व कमी लेखले जाते. संघांच्या संख्येबाबत तो आक्षेप खरा आहे. तथापि डिसोझांचे चारही गोल प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या सामन्यांतील असून त्यांतील एक तर स्पर्धेतील उपविजेत्या संघाविरुद्धचा आहे.

१९५८ साली कॅल्टेक्सने मुंबईतील प्रतिष्ठेचा रोव्हर्स चषक जिंकला. भारतीय फुटबॉल संघ १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर या स्पर्धेस पात्र ठरलेला नाही. त्यामुळे डिसोझांची हॅट्‌ट्रिक ही ऑलिंपिकमधील एकमेव भारतीय हॅट्‌ट्रिक राहिली आहे. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.