जिमी जॉर्ज

जिमी जॉर्ज (८ मार्च, १९५५ - ३० नोव्हेंबर, १९८७) हे भारताचे आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलपटू होते. महाविद्यालयीन स्पर्धांतून पुढे येऊन परदेशातील क्लबकडून व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळणारे पहिले भारतीय खेळाडू म्हणून ते ओळखले जातात. १९८० च्या दशकात जगातील उत्तम आक्रमक खेळाडूंमध्ये त्यांची गणना होत असे.

बालपण आणि शिक्षण

जिमी जॉर्ज यांचा जन्म केरळमधील कण्णूर जिल्ह्यातील पेरावूर या गावी झाला. त्यांचे वडील जॉर्ज जोसेफ हे स्वतः विद्यापीठ पातळीवर व्हॉलीबॉल खेळलेले होते. खेळाचे पहिले धडे जिमी यांना त्यांच्याकडूनच मिळाले. घरातील आठही भाऊ व्हॉलीबॉल खेळत. त्यांपैकी रॉबर्ट बॉबी जॉर्ज हे पुढे तिहेरी उडीपटू आणि प्रशिक्षक म्हणून प्रसिद्धीस आले. लांब उडीपटू अंजू बॉबी जॉर्ज या त्यांच्या पत्नी होत.

कोळिकोडजवळील देवगिरी येथील सेंट जोसेफ महाविद्यालयात शिकत असताना जिमी कालिकत विद्यापीठाच्या संघात आले. १९७१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांची केरळ राज्याच्या संघात निवड झाली. १९७३ मध्ये त्यांनी पाला येथील सेंट थॉमस महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९७३ ते १९७६ या काळात ते केरळ विद्यापीठाकडून खेळले आणि या चारही वर्षी विद्यापीठाने आंतरविद्यापीठ अजिंक्यपद पटकावले. १९७६ मध्ये ते संघाचे कर्णधार होते. त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्या वेळी ते एकवीस वर्षांचे होते.

पोलीस दलातील नोकरी

त्या काळी भारतात व्हॉलीबॉलची व्यावसायिक लीग नव्हती. विद्यापीठातून बाहेर पडलेल्या गुणी खेळाडूला पोलीस, रेल्वे यांसारख्या खात्यांत नोकरी मिळे व तो त्या खात्याच्या संघाकडून खेळे. पगार नोकरीचा असे. खेळ हा स्वतंत्र व्यवसाय नव्हता. जिमी यांनीही १९७६ मध्ये वैद्यकीय शिक्षण सोडून केरळ पोलीस दलात प्रवेश केला.

व्यावसायिक कारकीर्द

१९७९ मध्ये खात्याची रजा घेऊन ते अबू धाबी स्पोर्ट्स क्लबकडून खेळू लागले. तेथे ते १९८२ पर्यंत होते. त्यानंतर ते इटलीला गेले. १९८२ ते १९८४ आणि पुन्हा १९८५ ते १९८७ या काळात ते तेथील क्लबांकडून खेळले. पुरुषांच्या सामन्यात जाळी २.४३ मीटर उंच असते. जिमी यांची उभी उडी असामान्य होती आणि समोरची फळी खाली येऊ लागली तरी ते क्षणभर हवेतच आहेत असा प्रेक्षकांना भास होई. परदेशी क्लबमध्ये असतानाही त्यांनी पोलीस दलाशी असलेले नाते तोडले नाही. अखेरपर्यंत ते त्या संघाचे सदस्य राहिले.

राष्ट्रीय संघ

तेहरान (१९७४), बँकॉक (१९७८) आणि सोल (१९८६) येथील आशियाई खेळांत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. सोल येथे भारताने जपानला हरवून कांस्यपदक मिळवले. १९६२ च्या रौप्यपदकानंतर चोवीस वर्षांनी भारतीय पुरुष संघाला या स्पर्धेत पदक मिळाले.

मृत्यू आणि वारसा

३० नोव्हेंबर, १९८७ रोजी इटलीत मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते बत्तीस वर्षांचे होते. तिरुवनंतपुरम येथील बंदिस्त क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. इटलीतील माँतिकियारी येथील क्रीडागृहही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. केरळमधील गुणवंत खेळाडूला दरवर्षी जिमी जॉर्ज फाउंडेशनचा पुरस्कार दिला जातो.

भारतात २०११ मध्ये इंडियन व्हॉली लीग, २०१९ मध्ये प्रो व्हॉलीबॉल लीग आणि २०२२ मध्ये प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली. ज्या व्यवसायासाठी जिमी यांना देश सोडावा लागला, त्याची सोय मायदेशी होण्यास त्यांच्या मृत्यूनंतर दोन दशकांहून अधिक काळ लागला.