रत्नशास्त्राचे दूरशिक्षण : पाठ घरी, परीक्षा खड्यांवर

हॉलमार्क केलेल्या सोन्याच्या दागिन्यांवर १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरी एचयूआयडी क्रमांक बंधनकारक आहे. त्यावरून सोन्याची शुद्धता ग्राहकाला मोबाइलवर पडताळता येते. हा शिक्का मात्र धातूपुरताच असतो. त्यात जडवलेले माणिक अस्सल की काच, हे तो सांगत नाही. सोनेतारण कर्ज देतानाही रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार केवळ सोन्याचे मूल्य धरले जाते. वारसांतील वाटणी, विमा किंवा विक्रीच्या वेळी खड्याचे मोल सांगण्यास जाणकार लागतो, आणि हे काम शिकण्याचा एक मार्ग दूरशिक्षणाचा आहे.

हा मार्ग नवा नाही. अमेरिकेत रॉबर्ट शिप्ली यांनी १९३१ मध्ये जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका अर्थात जीआयए स्थापन केली, तेव्हा जवाहिऱ्यांना धडे टपालाने जात. आज या संस्थेचे सैद्धांतिक पाठ ऑनलाइन आहेत; प्रात्यक्षिकांसाठी मात्र केंद्रावर जावे लागते. भारतात तिचे केंद्र मुंबईत आहे. रत्न ओळखण्याच्या अंतिम परीक्षेत वीस खडे दिले जातात आणि वीसही अचूक ओळखावे लागतात.

ही अट अवाजवी वाटली तरी तिच्यामागे कारण आहे. लाल स्पिनेल आणि माणिक डोळ्यांना सारखेच दिसतात. जहांगीर बादशहाचे नाव कोरलेले प्रसिद्ध ‘तैमूर माणिक’ प्रत्यक्षात स्पिनेल आहे. रिफ्रॅक्टोमीटरवर स्पिनेलचा अपवर्तनांक १.७१८ च्या आसपास एकच दिसतो, तर माणिक १.७६२ आणि १.७७० अशी दोन वाचने देते. हे आकडे पुस्तकातून पाठ होतात. मात्र यंत्राच्या काचेवरील पुसट छायारेषा वाचायला हाताखालून बरेच खडे जावे लागतात.

त्यापुढची अडचण कृत्रिम खड्यांची. फ्रान्सच्या ऑगुस्त व्हर्नॉय यांनी कृत्रिम माणिक तयार करण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. त्यामुळे आजीचा दागिना म्हणजे खडा नैसर्गिकच, हा घरोघरीचा समज धोक्याचा आहे. अशा माणकाचा अपवर्तनांक नैसर्गिक माणकाइतकाच भरतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या वक्र वाढरेषाच त्याचे मूळ उघड करतात. शिसेयुक्त काच भरलेल्या माणकाचे मोलही वेगळे असते, आणि दुरुस्तीच्या वेळी सोनाराच्या फुंकणीची आच लागल्यास असा खडा बिघडतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर उष्णतावाहकता मोजणाऱ्या साध्या यंत्रावर नैसर्गिक हिऱ्यासारखाच ठरतो. त्यासाठी वर्णपटाची तपासणी करणारी प्रगत उपकरणेच लागतात.

खडा ओळखणे आणि त्याची किंमत ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, याकडे विद्यार्थ्यांचे अनेकदा दुर्लक्ष होते. जीआयएच्या हिरे-अहवालातही किंमत नमूद नसते. एकाच हाराचे विम्यासाठीचे मूल्य नवा हार घेण्याच्या खर्चावर, तर मोडीचे मूल्य सराफाच्या खरेदीदरावर ठरते. म्हणून मूल्यांकनाच्या अहवालात हेतू आणि तारीख दोन्ही लिहावी लागतात. बाजारभावाची ही जाण पेढीवर किंवा अनुभवी मूल्यांकनकाराच्या हाताखालीच येते.

करविषयक कामांसाठी लागणारी नोंदणीकृत व्हॅल्युअरची मान्यता स्वतंत्रपणे मिळवावी लागते. रत्नशास्त्राच्या पदविकेने ती आपोआप मिळत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी प्रात्यक्षिकांचे दिवस किती, हाताळायला खडे किती आणि प्रवास-निवासाचा खर्च शुल्कात धरला आहे का, हे विचारून घ्यावे. केवळ चित्रफिती पाहून प्रमाणपत्र देणारे अभ्यासक्रम शुल्काने स्वस्त असतात, पण त्यांत रिफ्रॅक्टोमीटर हाती येत नाही.