कर्बेरॉस
कर्बेरॉस : संगणक-जाळ्यात वापरकर्त्याची ओळख पटवणारी प्रणाली. ग्रीक पुराणकथेत पाताळाचे दार राखणाऱ्या तीन डोक्यांच्या कुत्र्यावरून हे नाव आले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘अथीना’ प्रकल्पात ती घडली.

तिचे खरे सौंदर्य हे, की पासवर्ड जाळ्यावरून जातच नाही. त्यापासून बनलेल्या किल्लीच्या आधारे वापरकर्ता मध्यवर्ती सर्व्हरकडून ठरावीक मुदतीचे तिकीट मिळवतो. त्यावर फाइल, मेल वा छपाई अशा प्रत्येक सेवेसाठी वेगळे तिकीट मिळते.

विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी या आपल्या खाते-व्यवस्थेत हीच पद्धत स्वीकारली. त्यामुळे लिनक्स आणि मॅक संगणकांवरही विंडोजच्याच खात्याने लॉगिन करता येते. लिनक्सवर हे काम एसएसएसडी ही सेवा किंवा सांबा या सॉफ्टवेअरमधील विनबाइंड करते.

अशी जोडणी फसते ती बहुधा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी. घड्याळांत ५ मिनिटांहून अधिक फरक पडला, की सामान्यतः तिकीट नाकारले जाते. म्हणून आधी वेळ जुळवावी, मग डीएनएसमधील (जाळ्याच्या नावसूचीतील) यंत्रांची नावे तपासावीत. विंडोजमधील खात्यांना लिनक्सवर मिळणारे क्रमांकही सर्व यंत्रांवर तेच हवेत. नाहीतर एकाची फाइल दुसऱ्याच्या मालकीची दिसते.